कागदावरचं साल कुठलं?

खानापूर-निपाणीकडच्या जुन्या घरांत मोडी कागद निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात 1218 साल आहे, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा का हो?" नाही. तो शुहूर सन, मराठेशाहीच्या दफ्तरांत चालणारा. मृगापासून (म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे हा कागद 1817-18चा.

बहुतेकदा हे साल आकड्यात नसतंच, अरबी शब्दांत असतं आणि उलटं, एकंपासून वर वाचायचं असतं: समान (8) अशर (10) मयातैन (200) व अलफ (1000). घोटाळा इथेच होतो. सबा म्हणजे 7, सबैन म्हणजे 70. तिसा 9, तिसैन 90. घाईच्या मोडीत शेपूट तुटलं की साठ-ऐंशी वर्षं इकडची तिकडे. पुढे 'छ 7 रमजान' असं दिसलं तर छ म्हणजे चंद्र. महिना हिजरी, पण साल शुहूरच. तिथे हिजरी सन लावाल तर गणित फसलंच.

फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचा, त्याच मृगात बदलतो, फक्त शुहूरपेक्षा 9 ने पुढे असतो.

शकाचं तसं नाही, तो पाडव्याला बदलतो. पाडव्यापासून डिसेंबरअखेर 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. इंग्रज सेनानी मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला 20 मार्च 1818 रोजी आणि किल्ला पडला 10 एप्रिलला. मधे पाडवा आला. त्यामुळे वेढ्याची सुरुवात शके 1739, शेवट शके 1740. शुहूर मात्र दोन्ही वेळा 1218 आणि फसली 1227. दोन कागदांत वेगळे शक दिसले म्हणून कुणी लगेच एक खोटा ठरवू नये.

पडताळ्याला संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, घ्या. शकात 12 मिळवून 60 ने भागा, बाकी तो क्रमांक. प्रभव पहिला, बाकी शून्य आली तर साठावा क्षय. 1740 + 12 = 1752, बाकी 12, म्हणजे बहुधान्य. झिजलेल्या आकड्यापेक्षा माझा भरवसा संवत्सराच्या नावावर जास्त.

दगडावर हा पडताळा तर हवाच. आपल्याकडे कागद मोडी आणि जुने शिलालेख बहुतेक कानडी, पण शक दोन्हीकडे तोच. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातलं, 1204चं. ते साल म्हणजे शके 1126, संवत्सर रक्ताक्षी. एखाद्या लेखात रक्ताक्षीबरोबर 1127 दिसलं तर कोरणाऱ्याला नावं ठेवू नका. त्यानं नेहमीसारखं सरलेलं वर्ष न धरता चालू वर्ष मोजलेलं असतं. अशा वेळी 78 ऐवजी 77 मिळवायचे.