गिरणीबाहेरचा फळा

सोलापुरात साखर पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. दळणाचे भाव लिहायला वडिलांनी बाहेर एक फळा टांगला होता. भाव वर्षातून एकदा बदलायचे, तेव्हा बाकीचं वर्षभर फळ्यावर नुसतं पीठ बसायचं. सात वर्षांपूर्वी एका सकाळी मी त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर लिहिलं, 'उद्या पहाटे पाणी येणार.' आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि दळण घेऊन आलेली प्रत्येक बाई तेच विचारायची. पुन्हा पुन्हा उत्तर देऊन कंटाळलो होतो, एवढंच कारण.

पाण्याची ओळ वाचायला लोक थांबतात म्हटल्यावर तिच्याखाली आणखी दोन ओळी टाकायला लागलो. आज मालदांडी ज्वारी काय भावानं मिळाली, गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, यंदा पाळणे कुठं लागलेत, असलं काहीतरी. पहिले तीन-चार महिने कुणी एक शब्द बोललं नाही. आपण कुणासाठी खडू झिजवतोय असं वाटायचं. मग एकदा आईच्या शेंगा चटणीबद्दल लिहिलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचे, लसूण शेवटी. दुपारपर्यंत तीन बायका आत येऊन भांडून गेल्या. लसूण शेवटी कुणी घालतं का? एकीनं तर ओल्या बोटानं 'शेवटी' पुसून टाकलं होतं. त्या दिवशी मला कळलं, फळा वाचला जातोय.

अक्षर टिकायला साखरेच्या पाण्यात भिजवलेला खडू चांगला. ठळक उमटतं, हातानं सहज पुसलं जात नाही. पण पिठाच्या गिरणीत साखर म्हणजे मुंग्यांना आवतणच. एका सकाळी 'पाणी'वरनं 'भाव'पर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तेव्हापासून साधा खडू, नुसत्या पाण्यात बुडवून.

माणसं वाढली तशा चुका पकडणारेही वाढले. संक्रांत १४ ला असली की १२ जानेवारीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, आणि सोलापूरच्या हुतात्मा दिनाची तारीखही तीच. मी दोन्ही लिहिलं, आणि चार हुतात्म्यांना इंग्रजांनी सोलापुरात फाशी दिली असं ठोकून दिलं. संध्याकाळी जुन्या कापड गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले एक मामा आले. काही बोलले नाहीत. खिशातून स्वतःचा खडू काढला, 'सोलापुरात'वर काट मारली आणि 'येरवड्यात, १९३१' लिहिलं. खाली चारही नावं पूर्ण लिहिली: मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मग म्हणाले, "मालक, चार पुतळ्यांच्या चौकातनं रोज जाताय की. कधी वर बघा." मान खाली घालून दळण तोलत बसलो. तेव्हापासून तारीख-वार लिहायच्या आधी मामांना विचारतो. चीनमध्ये जाऊन जखमींची सेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचा जन्म १९१० चा, १० ऑक्टोबर, हे त्यांनीच सांगितलं. भैय्या चौकातलं डॉक्टरांचं घर बघायला पाठवलं तेही त्यांनीच. पन्नास वर्षं या गावात राहून मी आत गेलो नव्हतो!

आमच्या भागात पद्मशाली विणकरांची घरं बरीच, घरात तेलुगू चालते. एक अक्का म्हणाल्या, माझ्या सासूला मराठी वाचता येत नाही, तिनं काय करायचं? मला तेलुगू बोलता येते, लिहिता येत नाही. तेव्हा त्यांची नात शाळेतनं येता येता पाण्याची ओळ तेलुगूत लिहून जायला लागली. तिची अक्षरं गोल, माझी काटकोनी. तिची जागा वाढत गेली, माझी कमी होत गेली. सुरुवातीला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग ती लग्नाच्या सुपारीची भानगड झाली. गिरणीत बायका बोलत होत्या, अमक्याच्या मुलीचं ठरलं. मी नाव न घालता, पण सगळ्यांना कळेल असं अभिनंदन लिहून मोकळा. ठरलं नव्हतं. बोलणी चालू होती. मुलीचे वडील आले, फळ्यासमोर उभे राहिले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुसा." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी पुसलं, त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, चहा मिळाला नाही. तीन आठवडे फळा कोरा ठेवला. लोक विचारायचे, मी मान हलवायचो. चाळीस माणसं वाचत होती तोवर फळा माझा होता. आता दोन गल्ल्या वाचत होत्या, आणि आपण काय लिहितो ते कुणाच्या उंबऱ्यात जाऊन पडतं याचा मी विचारच केला नव्हता.

पुन्हा सुरू केलं ते एका अटीवर. कुणाच्या घरातली बातमी त्या घरच्या माणसानं स्वतः येऊन सांगितल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही. मुलगा पास झाला तरी नाही. यावर काही जण रुसलेत, रुसू देत.

मागच्या महिन्यात ताप आला, चार दिवस घरीच होतो. पाचव्या दिवशी गिरणी उघडली तर फळा भरलेला. तेलुगू ओळ नातीची, तारीख मामांच्या हातची, आणि मराठीतली पाण्याची ओळ कुणाची ते अजून कळलेलं नाही. 'पाणि' लिहिलं होतं, ऱ्हस्व. दुरुस्त करायला खडू ओला करून उठलो, तेवढ्यात मागच्या मोरीतनं बायको ओरडली, "अहो, नळ आला, घागरी लावा!"