आमची वाटचाल : भरून चढता की भरून उतरता?

आमच्या शेडवर कोणी पिकअप घेऊन आला आणि "भिया, गाड़ी में दम नहीं है" म्हणाला की आम्ही आधी बॉनेट उघडत नाही. चहा सांगतो आणि विचारतो, माल भरून कुठून कुठे जाता आणि रिकामे कुठून येता. नव्या माणसाला वाटतं हा टाइमपास करतोय. पण आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे, आणि हा प्रश्न विचारायला शिकायला मला बरीच वर्षं आणि एक चांगला गिऱ्हाईक गमवावा लागला.

सुरुवात बाबांनी केली. आमचं घर इंदूरच्या रामबागेत, आजूबाजूला सगळे बँकेत, शाळेत, सरकारी ऑफिसात, आणि आमचे बाबा ट्रान्सपोर्ट नगरच्या बाजूला टिनाच्या शेडमध्ये कोपरापर्यंत नव्वद नंबरच्या ऑइलमध्ये. आजी शेवटपर्यंत म्हणायची की अजून वेळ गेलेली नाही, कुठे नोकरी बघ. बाबा फक्त मागच्या एक्सलचं काम घ्यायचे. इंजिन नाही, ब्रेक नाही, डेंटिंग तर नाहीच. क्राऊन-पिनियन (इंजिनचा फेरा चाकांकडे वळवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) वाजतंय, बेअरिंग गेलंय, स्पायडर तुटलाय, एवढंच. लोक म्हणायचे एवढ्याशा कामावर पोट कसं भरणार, पण इंदूरहून चारी दिशांना माल जातो आणि ओव्हरलोड गाडीचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा एक्सलमधला गिअरसंच) काही फार दिवस गप्प बसत नाही, त्यामुळे पोट भरलं.

सुट्टीच्या दिवशी माझं काम मोजायचं. गाडीचं एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक खाली, पुढच्या चाकांना दगड. वरच्या चाकावर खडूची रेघ, गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ. बाबा चाक फिरवायचे आणि मी गाडीखाली आडवा पडून शाफ्टचे फेरे मोजायचो. एकच चाक फिरतं म्हणून चाकाचे दोन फेरे म्हणजे एक धरायचा, हे डिफरन्शियलचं गणित. पण दोनच फेऱ्यांत पाव-अर्धा फेरा नजरेतून निसटतो, म्हणून बाबा वीस फेरे द्यायचे आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचे. एक्केचाळीस आले तर रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, ४.१०. पावणेएकोणपन्नास आले तर ४.८७५. आत दात मोजले तर हेच दिसतं, पिनियनला १० आणि क्राऊनला ४१, किंवा पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९. मला पावकी-निमकी शाळेत कोणी शिकवली नाही, ती या गाड्यांखाली आली.

तेव्हा रेशो मोजायचा तो फक्त बरोबर पार्ट आणायला. रेशो बदलायचा असतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं. कंपनीने जो दिला तो दिला. अमेरिकेत एकाच पिकअपला ३.५५, ३.७३, ४.१० असे पर्याय घेताना विचारतात म्हणे, इथे शोरूमवाला कलर विचारतो.

बदलायची अक्कल एका ड्रायव्हरने दिली. तो निमाडातून भाजी आणायचा, रात्री भरायचा आणि पहाटे चोइथराम मंडीत. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, नर्मदेकाठचं खलघाट त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे ही गाडी भरून घाट चढते आणि रिकामी उतरते. तो दर काही महिन्यांनी क्लच प्लेट बदलायचा आणि शिव्या क्लच बनवणाऱ्याला द्यायचा. बाबा म्हणाले, अरे क्लचचा काय दोष, घाटात तू दुसऱ्यात अडकतोस, पहिल्यात टाकायला जातोस तर गाडी थांबते, मग हाफ क्लचवर उचलतोस. त्याच्याच गाडीच्या एक्सलच्या हाऊसिंगला (कवचाला) बसेल असा जास्त रेशोचा सेट आम्हाला मिळाला, ४.१० काढून ४.८७५ टाकला. चाकावर जोर १९ टक्के वाढला. इंजिन तेच, डिझेल पंप तोच. तो पंधरा दिवसांनी पोहे-जलेबी घेऊन आला, म्हणाला घाटात आता गाडी दुसऱ्यात गात जाते.

आणि इथेच माझी गडबड झाली. मी नुकता पूर्णवेळ धंद्यात आलेलो, पोहे खाल्लेले, वाटलं सापडली जादू. जो येईल त्याला ४.८७५. लोकही खूश, बाजारात गाडी अशी उचलायची की विचारू नका.

मग आला तो गिऱ्हाईक ज्याच्याबद्दल वर म्हणालो. तीन पिकअप होत्या त्याच्या, इंदूरहून कुरिअरचा आणि किराणाचा हलका माल घेऊन भोपाळ, ग्वाल्हेरकडे. सपाट रस्ता, बराचसा एबी रोड (आग्रा-मुंबई), रात्रभर ऐंशीवर. मी एका गाडीत बदलून दिला आणि महिन्याभरात तो डिझेलच्या पावत्या घेऊन समोर उभा. साधा हिशोब होता, मी केलाच नव्हता. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे मिनिटाला चाकाचे ४५५ फेरे. गिअरबॉक्स एकास एक असताना ४.१० वर इंजिन १,८६० च्या आसपास फिरतं, ४.८७५ वर २,२०० च्या वर. ऐंशीला तर २,५०० च्या जागी जवळपास ३,०००, तेही रात्रभर. ताकद कुठून आली असं मला वाटत होतं, ती याच फेऱ्यांमधून आली होती. मी फुकट परत ४.१० बसवून दिला, पण बाकीच्या दोन गाड्या त्याने दुसरीकडे नेल्या आणि तो पुन्हा आला नाही. बाबा काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी म्हणाले, तू त्याला विचारलंस का तो भरून चढतो की भरून उतरतो.

तेव्हापासून वही ठेवली. प्रत्येक गाडीचा मार्ग, कुठल्या बाजूला किती माल, क्लच किती दिवसांनी जातो, टॉप गिअर किती वेळ लागतो. टॉप नुसता शोभेला असेल, सारखा चौथ्यातच चालवावा लागत असेल, तर रेशो कमी पडतोय. क्लच वर्षानुवर्षं टिकतोय आणि तक्रार फक्त "दम नाही" एवढीच, तर बहुतेक वेळा एअर फिल्टर नाहीतर टर्बोचा पाइप, आणि आम्ही तसं सांगून परत पाठवतो. मालवी कांदा-लसूण भरून खाली जाणाऱ्या गाडीची गंमत वेगळी, तिला चढायला ताकद लागत नाही पण उतरताना जास्त रेशो इंजिनने गाडी चांगली धरून ठेवतो, ब्रेक कमी तापतात. म्हणून तिच्यासाठी मधला काहीतरी, ४.५५ वगैरे मिळाला तर बघतो. पण जास्त रेशो म्हणजे जास्त मजबूत हा लोकांचा समज साफ चूक, उलट पिनियनला दात कमी, पिनियन बारीक, ओव्हरलोडमध्ये तोच आधी जातो.

दुसरी चूक हाताची होती आणि ती जास्त झोंबली. पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये एक स्लीव्ह असते, नट आवळत गेलो की ती थोडी चेपते आणि बेअरिंगवर नेमका ताण बसतो. ती एकदाच वापरायची वस्तू. माझा नट जरा जास्त आवळला गेला, शाफ्ट हाताला जड लागला, तर मी नट पाव फेरा सैल केला. झालं. चेपलेली स्लीव्ह काही परत फुगत नाही, ताण गेला, आणि तीन आठवड्यांनी ती गाडी लांबूनच ऐकू आली, कुत्रं रडावं तसा आवाज. हजारोंचा सेट गेला, स्लीव्ह किरकोळीची. आता ड्रॉवरमध्ये स्लीव्ह भरून ठेवल्यात, थोडाही संशय आला की नवी टाकतो.

सेटिंगला लोक कंटाळतात. आतले शिम (पातळ चकत्या) बदलून पिनियन पुढेमागे करायचा, डायल गेज लावून क्राऊनचा खेळ (दातांमधली मोकळीक) ०.१५ ते ०.२० मिलिमीटरमध्ये आणायचा, दातांना रंग लावून ठसा बघायचा, ठसा दाताच्या मधोमध येत नसेल तर सगळं परत उघडायचं. बाबा तेलात शेंदूर कालवून लावायचे, शेडमध्ये मारुती असल्यासारखं वाटायचं. आता आम्ही पिवळी पेस्ट वापरतो. कधी चार वेळा उघडावं लागतं, मालक शेजारी स्टुलावर बसून घड्याळ बघत असतो. काहीजण एका गाडीचा क्राऊन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन आणून म्हणतात हे लावून द्या, दोन्ही चांगले आहेत. असतील. पण ते कारखान्यात जोडीने घासलेले असतात, जोडी मोडली की वाजणारच, आम्ही हात लावत नाही.

सगळ्यात मोठं भांडण शेवटी. नवीन सेट टाकला की पहिले ५०० किलोमीटर पूर्ण लोड नको, पहिली वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून थांबायचं, एक्सल थंड होऊ द्यायचा, नंतर ऑइल बदलायचं. पिकअपवाल्याला हे सांगणं म्हणजे हलवायाला गोड खाऊ नको सांगणं, त्याची गाडी तीन दिवस उभी होती आणि आज रात्रीच भरायची आहे. म्हणून पहिली फेरी मीच मारतो. उज्जैन पंचावन्न किलोमीटर, मध्ये सांवेरला थांबून हाऊसिंगला हात लावून बघायचा, मग महाकालला बाहेरून नमस्कार करून परत. घरचे म्हणतात एवढ्या फेऱ्या केल्या की दुसरा कोणी संत झाला असता.

वॉरंटीतल्या गाड्या घेत नाही, ते आधीच सांगतो. बऱ्याच गाड्यांचा स्पीड गिअरबॉक्सकडून मोजला जातो, तिथे ४.१० चा ४.८७५ केला तर खरे ६० असताना मीटर ७१ दाखवतो, किलोमीटरही तसेच फुगतात. मीटरचा बंदोबस्त होत असेल तरच काम. आणि फोर बाय फोर असेल तर पुढचा-मागचा दोन्ही बदला नाहीतर राहू द्या, एकच बदलून फोर-व्हीलला टाकली तर पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा ट्रान्सफर केस स्वतःशीच कुस्ती खेळतो.

गेल्या आठवड्यात एकजण आला, बडवाहहून. "पहले खींचती थी, अब नहीं खींचती", कोणीतरी आधी रेशो बदलून फसवलं असं त्याचं म्हणणं. माझा पोरगा गाडीखाली, मी चाकावर. वीस फेरे, एक्केचाळीस. मूळचाच क्राऊन. मग टायर बघितले तर २१५ च्या जागी २३५/७५, मागच्या दसऱ्याला टाकलेले, गाडी उंच दिसते म्हणून. घेर चार टक्क्यांच्या वर वाढलेला, म्हणजे त्याचा ४.१० आता ३.९३ सारखा वागत होता, आणि सिमरोलचा घाट तर रोजचा, तोही भरून. म्हटलं क्राऊन विसरा, जुन्या मापाचे टायर टाका. तो खूश झाला, मग मी मोजणीचे शंभर रुपये मागितले तर म्हणाला, "गिनने के भी पैसे?" पन्नासावर तुटलं.