विश्रामबागवाड्यातला इंग्रज कवी

रविवार, रात्री

गेले काही दिवस एडविन अर्नोल्डचे ‘द लाइट ऑफ एशिया’ सावकाश वाचत होतो; आज दुपारी आठवे आणि शेवटचे पर्व संपले. बुद्धाच्या जन्मापासून परिनिर्वाणापर्यंतची कथा एका भारतीय बौद्ध भक्ताच्या तोंडून सांगणारे हे काव्य 1879 मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. आज इंग्रजी कवितेच्या अभ्यासकांपैकी फारच थोडे त्याचे नाव घेतात. हे विस्मरण पूर्णपणे अन्यायाचे आहे, असे मला म्हणवत नाही. चौथ्या पर्वात, सिद्धार्थ घर सोडतो त्या रात्रीचे वर्णन करताना, निद्रिस्त नर्तकी, दिव्यांचा मंद उजेड, रेशीम, रत्ने आणि सुगंध यांची अर्नोल्डने इतकी गर्दी केली आहे की, पतीला सोडू न पाहणारी यशोधरा त्या वैभवाआड जवळजवळ झाकली जाते. विशेषण गाळणे या कवीला जमतच नाही. पण शेवटच्या पर्वात तो निर्यमक पद्य सोडून चार-चार ओळींच्या सयमक कडव्यांवर येतो आणि कर्माचा नियम सांगू लागतो, तेव्हा भाषा एकदम सडसडीत होते. ती कडवी मी दोनदा मोठ्याने वाचली.

या कवीविषयी मला कुतूहल वाटण्याचे खरे कारण मात्र पुण्यात आहे. 1832 मध्ये केंट परगण्यातील ग्रेव्हसेंड येथे जन्मलेला, 1852 मध्ये ऑक्सफर्डचे कवितेसाठीचे न्यूडिगेट पारितोषिक मिळवलेला आणि नंतर बर्मिंगहॅमच्या शाळेत शिकवणारा हा तरुण, पंचविशीच्या आसपास पुण्याच्या कॉलेजचा प्राचार्य होऊन आला. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेली ही संस्था तेव्हा येरवड्याला गेलेली नव्हती. ती दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात भरत असे. उत्तरेत 1857 चा वणवा पेटलेला असताना, पेशवाईच्या त्या वाड्यात बसून तो कारभार पाहत होता आणि संस्कृत शिकत होता. 1861 मध्ये त्याने हितोपदेशाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याचे मूळ या अभ्यासात आहे. पुण्यातील त्या मोजक्या वर्षांच्या पुंजीवर त्याने पुढची चाळीस वर्षे काव्यव्यवहार चालवला, असे माझे मत आहे.

त्या पुंजीचा दुसराही उपयोग त्याने केला, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडला परतल्यावर त्याने डलहौसीच्या कारभाराचा दोन खंडांत इतिहास लिहिला, ज्यात नागपूरचे राज्य खालसा झाल्याचे प्रकरणही येते. 1861 पासून तो ‘डेली टेलिग्राफ’मध्ये अग्रलेख लिहीत होता आणि पुढे त्याच पत्राचा संपादक झाला. साम्राज्याच्या विस्ताराचे धोरण त्याने तेथे हिरिरीने उचलून धरले. दिवसा साम्राज्याची वकिली आणि उरलेल्या वेळात राज्य सोडून जाणाऱ्या राजपुत्राचे गुणगान, ही विसंगती त्याला जाणवत असावी असे त्याच्या लिखाणातून तरी दिसत नाही. बातमीदाराची नजर मात्र त्याच्याकडे पक्की होती. प्राचीन लिपींचा अभ्यासक जॉर्ज स्मिथ याला ब्रिटिश म्युझियममधील इष्टिकालेखांत, म्हणजे मातीच्या विटांवर कोरलेल्या लेखांत, जलप्रलयाची कथा सापडली, तेव्हा तिचा उरलेला भाग शोधण्यासाठी त्याला असीरियाची प्राचीन राजधानी निनेव्हे येथे पाठवायला आपल्या पत्राच्या मालकांना राजी करण्यात अर्नोल्डचा मोठा वाटा होता. पत्राने 1,000 गिनी दिल्या आणि 1873 मध्ये स्मिथला हवा तो तुकडा खरोखरच मिळाला.

‘द साँग सिलेस्टियल’ हे त्याचे भगवद्गीतेचे रूपांतर 1885 चे. लंडनमध्ये शिकत असलेल्या मोहनदास गांधींनी थिऑसॉफी या अध्यात्मवादी पंथाच्या दोन अनुयायी बंधूंच्या आग्रहावरून गीता प्रथम वाचली ती याच रूपांतरासह, आणि इंग्रजी भाषांतरांत त्यांनी नेहमी यालाच पहिले स्थान दिले. पुढे गांधींनी बेजवॉटर भागात शाकाहारी मंडळ काढले तेव्हा तेथेच राहणारा अर्नोल्ड त्याचा उपाध्यक्ष झाला आणि गांधी चिटणीस. मंडळ लवकरच बंद पडले. अर्नोल्डच्या मुत्सद्दी अग्रलेखांचा साम्राज्याला किती उपयोग झाला कोण जाणे, पण या एका पुस्तकाने जे काम केले ते त्या साम्राज्याच्या फारसे सोयीचे नव्हते, याची मला थोडी गंमत वाटते. बोधगयेचेही तसेच. 1886 च्या सुमारास तेथील महाबोधी मंदिराची दुरवस्था पाहून त्याने ते बौद्धांच्या स्वाधीन करावे म्हणून लेखणी चालवली, आणि त्यातून स्फूर्ती घेऊन श्रीलंकेतील बौद्ध पुनरुज्जीवनाचे नेते अनागारिक धर्मपाल यांनी ते कार्य आयुष्यभर चालवले.

घरची हकीकत थोडक्यात लिहून ठेवतो. पहिली पत्नी कॅथरिन 1864 मध्ये वारली. दुसरी फॅनी ही अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम हेन्री चॅनिंग यांची कन्या. 1889 मध्ये ती गेल्यावर त्याने तिच्यावरच्या जुन्या-नव्या कविता एकत्र करून छापल्या. त्यानंतर तो जपानला गेला, तेथे रमला आणि उतारवयात तामा कुरोकावा या जपानी स्त्रीशी त्याने विवाह केला. टेनिसनच्या मृत्यूनंतर राजकवीपदासाठी त्याचे नाव घेतले जात होते, पण 1896 मध्ये ते पद आल्फ्रेड ऑस्टिनला मिळाले, आणि ऑस्टिनच्या कविता वाचलेल्या कोणालाही ही निवड काव्यगुणांवर झाली असे वाटणार नाही. अखेरच्या वर्षांत अर्नोल्डची दृष्टी गेली. 24 मार्च 1904 रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

थोरला मुलगा एडविन लेस्टर कादंबरीकार झाला. 1890 च्या त्याच्या ‘फ्रा द फिनिशियन’मधला नायक मरणासारख्या झोपेतून शतकाशतकांनी पुन्हा जागा होतो आणि इंग्लंडच्या इतिहासात नव्याने वावरतो. वडिलांनी ज्या पुनर्जन्माच्या चक्रातून सुटण्याचे काव्य लिहिले, त्याच कल्पनेला मुलाने साहसकथेचे इंजिन जोडले! ही कादंबरी मिळवून वाचायची आहे. पण त्याआधी गीतेचा अकरावा अध्याय मूळ संस्कृतशेजारी अर्नोल्ड ठेवून पाहणार आहे, कारण विश्वरूपदर्शनापाशी तोही वृत्त बदलतो.