दगड झिजायच्या आधी फुगतो

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बडोद्याहून दीवला गेलो होतो. गंगेश्वरला पायऱ्या उतरून खाली गेलं की खडकातच पाच शिवलिंगं आहेत, भरतीच्या लाटा त्यांच्यावरून जातात. आई बराच वेळ हात जोडून उभी होती, मग म्हणाली, "अरे, रोज एवढं पाणी पडतं, मग दगड रोज थोडा थोडा जात असेल ना?" मी पटकन हो म्हटलं. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की ते उत्तर अर्धवट होतं.

मी मकरपुऱ्याला एका वर्कशॉपमधे इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर हातात डायल गेज, म्हणजे अगदी बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र, त्यामुळे पहिल्यांदा डोळा अडकला तो मोजायच्या साधनावर. १९७० मधे इंग्लंडमधल्या दोघांनी, हाय आणि हॅना यांनी, खडकाची झीज मोजायला तीन पायांचं एक मीटर बनवलं आणि त्याच्यात चक्क आपलं डायल गेज! खडकात तीन बोल्ट कायमचे बसवायचे, त्यांची डोकी गोल, आणि मीटरच्या एका पायाला शंकूसारखा खड्डा, दुसऱ्याला व्ही खाच, तिसरा सपाट, म्हणजे दहा वर्षांनी आणून ठेवलं तरी ते त्याच जागी बसणार, जरासुद्धा हलणार नाही. ज्याने फिक्स्चर, म्हणजे वस्तू दरवेळी त्याच जागी धरून ठेवणारा साचा, बनवलंय त्याला हे वाचून किती आनंद होईल ते मी सांगू शकत नाही. उन्हात मीटरचं लोखंडही वाढतं, म्हणून ते आधी एका ठराविक ब्लॉकवर तपासून घेतात, आम्ही स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यावर, शून्य बघतो तसंच.

न्यूझीलंडमधे कायकोरा नावाच्या ठिकाणी समुद्रकाठच्या सपाट खडकांवर असे बोल्ट १९७० च्या दशकात बसवले आणि पुढे तीसेक वर्षं मापं घेतली. झीज सरासरी वर्षाला साधारण १ मिलीमीटर, म्हणजे दिवसाला जेमतेम ३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). पण मधल्या काही मापांत खडक खाली जायच्या ऐवजी वर आलेला! आधी वाटणारच की माप चुकलं, पण ओहोटीला खडक उघडा पडल्यावर दर थोड्या तासांनी मोजलं तेव्हाही तेच, काही जागा वर, काही खाली, आणि हा बदल दिवसाच्या सरासरी झिजेपेक्षा कितीतरी मोठा. मातीचा अंश असलेला खडक पाणी पितो, फुगतो, उन्हात वाळून आकसतो, आणि असं रोज होत राहिलं की वरचा थर सैल पडतो. मग लाट येऊन तो नेते. म्हणजे लाटेच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं.

दीवचा दगड वेगळा, तो चुनखडीचा आणि सच्छिद्र, तिथे मीठ जास्त महत्त्वाचं. खारं पाणी छिद्रात शिरतं, वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण आतून ढकलतात. कायम पाण्याखाली असलेल्या भागात हे होत नाही, कारण तो वाळतच नाही. दीवच्या किल्ल्याच्या भिंतींवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं बघितली होती, ती पाण्याच्या बरीच वर, जिथे फक्त खारा वारा आणि उडालेले तुषार पोचतात. तेव्हा मला वाटलं जुनं झालं म्हणून असेल.

मग राहवेना. ओळखीच्या बांधकामवाल्याकडून पोरबंदरच्या दगडाचा, तोही चुनखडीचाच, एक तुकडा आणला, रात्रभर मिठाच्या पाण्यात आणि दिवसभर अगाशीवर ताटलीत, असं तीन आठवडे केलं, रोज संध्याकाळी दगड खोलीत गार झाल्यावरच डायल लावायचो. एका कोपऱ्यात काटा ४० मायक्रॉन वर गेला, तिथे पांढरी बुरशीसारखी मिठाची लव आलेली. मग गोड्या पाण्याने धुवून, वाळवून परत मोजलं तर मूळ मापापेक्षा ६० मायक्रॉन खाली. एका तुकड्याची मापं आहेत, यावरून दीवबद्दल काही सांगता येणार नाही, पण ताटलीत जमलेली पिवळसर भुकटी खरी होती.

ती आईला दाखवली. तिने चिमटीत घेऊन चोळून बघितली, म्हणाली, "म्हणजे पाणी नाही, ऊन." मी म्हटलं दोन्ही, आधी पाणी मग ऊन.

आता पाऊस सुरू झालाय, काही नीट वाळत नाही, म्हणून दगड कपाटात ठेवलाय.