तुम्ही विचारलंत म्हणून : परफॉर्मन्स हेड चांगलं कशावरून ओळखायचं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं हेडचं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाचं, काम चालतं. फेसिंग (तळ सपाट कापणं), सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी कापणं), गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदलणं, एवढंच. महिन्याला दोन-चार पोरं तरी मोबाईल पुढं धरून विचारतात, "काका, हे परफॉर्मन्स हेड मागवू का? चांगलं असतंय का?" परफॉर्मन्स हेड म्हणजे ताकद वाढवायला मूळ हेडऐवजी बसवायचं हेड. फोटोत पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटा, आरशासारखे चमकत असतात आणि खाली फ्लोचा, म्हणजे त्यातून किती हवा जाते त्याचा, आकडा ठळक छापलेला असतो. या दोन्हींवरून मला हेडबद्दल काहीही सांगता येत नाही. गुजरीत सोनार नुसत्या चकाकीवर भाव सांगत नाही, कसोटीवर घासून बघतो. हेडलाही कस लावावा लागतो.

माझे वडील शिरोलीला फौंड्रीत कोअर शॉपला होते. आपल्याकडच्या बहुतेक फौंड्र्या बिडाच्या, आणि ही हेडं अ‍ॅल्युमिनियमची. पण त्यांची शिकवण दोन्हीला लागू पडते : आधी ओतकाम बघ, मशीनिंग मग. पातळ अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन ओढून घेतं. धातू गोठताना तो वायू आत मावत नाही आणि सुईच्या टोकाएवढी भोकं सोडतो. ओतण्याआधी नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून धातूतला वायू काढावा लागतो. तिथं घाई केली की पुढचं कितीही भारी मशीनिंग वाया जातं. म्हणून हेड हातात आलं की मी पहिल्यांदा फेस केलेला भाग तिरप्या उजेडात धरतो. कापलेल्या पृष्ठभागावर बारीक टिपके दिसले, तर न कापलेल्या अंगातही तेच असणार.

पोर्ट आणि हेड गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा कोअरनं, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानं, तयार होतात. कोअर थोडा जरी सरकला, तरी एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते. बाहेरून कळत नाही. अल्ट्रासॉनिक गेजनं जाडी मोजता येते. असल्या हेडवर पोर्टिंग, म्हणजे पोर्ट घासून मोठं करायला घेतलं, तर ग्राइंडर थेट पाण्याच्या वाटेत उतरतो.

हीट ट्रीटमेंट हा तिसरा मुद्दा, आणि तो विकणाऱ्याला कुणी विचारत नाही. ए-356 मिश्रधातूचं हेड साधारण 540 अंशांवर काही तास तापवून, पाण्यात विझवून, मग 155 अंशांच्या आसपास मुरवतात. याला टी-6 म्हणतात. कडकपणा मोजला, तर ब्रिनेल या मापावर 80-90 च्या घरात यायला हवा. 60 च्या आसपास आला, तर हेड मऊ आहे. मग बोल्टखालचे वॉशर रुततात, स्पार्क प्लगचे आटे निघून येतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चालू इंजिनात सीट सैल होते.

फ्लोच्या आकड्याचं सांगतो. सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) किती, हे विचारण्याआधी किती इंच पाण्याच्या दाबावर मोजलं ते विचारा. आपल्याकडं येणाऱ्या जाहिरातींत बहुतेक 28 इंच असतं, पण लिहिलेलं नसेल तर आकड्याला अर्थ नाही. 10 इंचांवर जे पोर्ट 100 सीएफएम देतं, तेच 28 इंचांवर साधारण 167 देतं. धातू कणभरही हललेला नसतो. शिवाय कुठल्या लिफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडा ठेवून, मोजलं? व्हॉल्व्ह पूर्ण लिफ्टला क्षणभरच असतो. मधल्या लिफ्टमधून मात्र तो उघडताना एकदा आणि मिटताना एकदा, असा दोनदा जातो. मी मधले आकडे आधी बघतो. पोर्ट नुसतंच मोठं केलं, तर हवेचा वेग पडतो, आणि पन्हाळ्याच्या चढाला गाडी तिसऱ्यात ओढत नाही. इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत येणाऱ्या पोर्टाला, आरशासारखं पॉलिश तर नकोच. थोडा खडबडीतपणा असला, तर भिंतीवर पेट्रोल साचत नाही.

चेंबर, म्हणजे हेडमधला पेट्रोल पेटतं तो खळगा, त्यात किती द्रव मावतो ते मोजायला ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी), भोकाची अ‍ॅक्रिलिक पट्टी आणि थोडं ग्रीस पुरतं. समजा 1,300 सीसीच्या चार सिलिंडरचं इंजिन आहे. एकेका सिलिंडरला 325 सीसी. कॉम्प्रेशन 9 ला 1 हवं, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा साधारण 40.6 सीसी. एका चेंबरात 2 सीसी कमी भरले, तर त्या सिलिंडरला 9.4 होतं. एकाच इंजिनात एक सिलिंडर नॉक करू शकतो (पेट्रोल अवेळी पेटून ठोके देतं) आणि उरलेले तीन नाही. चारही चेंबरांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक मला चालत नाही.

आता सीट आणि गाईड. माझ्या मते हेडची खरी परीक्षा इथंच होते. गाईडमध्ये पायलट (नेमकी बसणारी दांडी) घालून डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, सीटवर फिरवायचा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत फिरला पाहिजे. त्यापेक्षा जास्त असेल, तर व्हॉल्व्ह दर वेळी वाकून बसतो, गाईड लवकर झिजतं आणि एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला उष्णता सीटमध्ये सोडायला जागाच मिळत नाही. तो जळतो. डायल नसेल, तर व्हॉल्व्ह बसवून पोर्टात रॉकेल ओता आणि चेंबरकडून गळतंय का बघत राहा. स्प्रिंगबाबत एवढंच : तुमच्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) पूर्ण लिफ्टला गुंडाळ्या एकमेकींना भिडता कामा नयेत, मिलिमीटरभर तरी अंतर राहिलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात कागलचा एक मुलगा जुन्या जिप्सीसाठी मागवलेलं हेड घेऊन आला. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं. "काका, बसवायच्या आधी एकदा बघा तरी," म्हणाला. त्यानं आधी आणलं, याचा मला फार आनंद झाला, कारण बसवल्यावर येणारेच जास्त. पोर्ट सुंदर होते. पण दोन एक्झॉस्ट सीटवर डायल 0.12 फिरला. ते मी नवीन गाईड घालून, सीट कापून सुधारलं असतं. मग प्रेशर टेस्ट घेतली. पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटनं बंद करून आत हवा भरली, हेड गार पाण्यात बुडवलं. काही नाही. तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापवलं आणि थांबलो. दहा मिनिटांनी तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगशेजारून एक बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. प्लगच्या बाजूला धातू जाड असतो, तो शेवटी गोठतो, आणि आकसताना तिथंच पोकळी राहते.

वेल्ड करू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूचा टी-6 जातो, आणि पोकळी आत कुठवर गेलीय ते कुणालाच दिसत नाही. बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि डायलची मापं लिहून त्यानं हेड परत पाठवलं. दीड महिना लागला, पण पैसे आले. त्याच्या जिप्सीवर सध्या कंपनीचंच जुनं हेड आहे. सीटला 30-45-60 अंशांचे तीन कोन, ब्राँझची गाईडं, चारही चेंबर मोजून सारखे केलेले. पोर्टांना मी फक्त सीटखालची धार काढण्यापुरता हात लावला.