टर्मिनलच्या जागी साधा पीसी

एक्स टर्मिनल एका काळी अगदी शहाणपणाची वस्तू होती. एक्स११, म्हणजे युनिक्ससारख्या यंत्रांवर खिडक्या आणि चित्रं दाखवणारी प्रणाली, आलं १९८७ मध्ये, आणि तेव्हा प्रत्येकाच्या टेबलावर वर्कस्टेशन ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून पडदा, कीबोर्ड, माउस आणि आत फक्त एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम. खरे प्रोग्रॅम दूरच्या मोठ्या यंत्रावर. पण पीसी स्वस्त झाल्यावरही लोक ती बंदिस्त पेटी का घेत राहिले, हे मला कळत नाही.

माझ्याकडच्या जुन्या पीसीवर लिनक्स आहे. एक्स सुरू करताना ‘क्वेरी’ पर्यायापुढे मोठ्या यंत्राचं नाव दिलं, की थेट तिथला लॉगिन पडदा समोर येतो. झालं टर्मिनल!

खरा फरक मेमरीत. ब्राउझर भरमसाट चित्रं एक्स सर्व्हरच्या मेमरीत कोंबतो. टर्मिनलची मेमरी संपली की खेळ खलास. पीसीत रॅम वाढवता येते, डिस्कवर स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा, देता येतो. व्हिडिओ तर मी पीसीवरच चालवतो. प्रत्येक फ्रेम नेटवर्कवरून ओढत आणण्यात काय अर्थ?

शिवाय एक्सडीएमसीपीने, म्हणजे त्या ‘क्वेरी’मागच्याच पद्धतीने, उघडलेल्या सत्रात काहीच एन्क्रिप्ट होत नाही, पासवर्डसुद्धा उघडा जातो. पीसीवर एसएसएच या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून एक्स फॉरवर्ड करता येतं.

पंख्याची घरघर मात्र आहे, हे मान्य. आणि दहा पीसी म्हणजे दहा डिस्का सांभाळा, हा आक्षेपही रास्तच. त्यावर उपाय म्हणजे डिस्कच काढून टाकायची: पीएक्सईने (नेटवर्क कार्डातल्या सोयीने) नेटवर्कवरून बूट, फाइल सिस्टीम एनएफएसवर (म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या). एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) हेच करतं.