भैरू शेळ्यांत रुळला, पण मधल्या महिन्यांबद्दल कुणीच सांगितलं नव्हतं

आमच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उसाच्या पट्ट्यात, शेळ्या पाळायच्या तर बिबट्याचा विचार आधी करावा लागतो. संगमनेरी शेळ्या आणल्या तेव्हाच राखणीला कुत्रा ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेल्या धनगरांचा वाडा आमच्या रानात बसला होता. त्यांच्याकडून दोन महिन्यांचा भैरू घेतला. जन्मच मेंढ्यांच्या वाघरीतला, म्हणजे जाळीच्या कुंपणातला. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत ज्यांच्यात वाढतं, त्यांना आपलं मानतं. म्हणून त्याला घरात न घेता गोठ्यातच, शेळ्यांच्या शेजारी जाळी लावून ठेवलं. पुढचे काही महिने अगदी सुरळीत गेले.

आठव्या महिन्यात चित्र पालटलं. भैरू अंगानं शेळीएवढा झाला आणि करडांच्या मागे धावायला लागला. चावायचा नाही, पण करडू पळालं की त्याला चेव यायचा. कान तोंडात धरायचा, पाडायचा, पंजा ठेवायचा. एका करडाचा कान फाटला त्या दिवशी घरात सगळ्यांनी त्याला कायमचं साखळीला बांधायचं ठरवलं. शेजारचे म्हणाले, चांगला बडवा. कोणी म्हणालं, मेलेली कोंबडी गळ्यात बांधा, परत वाटेला जाणार नाही. दुसरा कोणी थेट गिऱ्हाईकच घेऊन आला.

शेवटी पुण्यातल्या एका कुत्र्यांच्या प्रशिक्षकाला गाठलं, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. फी आगाऊ घेतली. भैरूला ‘बस’, ‘थांब’, ‘हात दे’ शिकवलं. गोठ्यात एकदाही पाय ठेवला नाही. मी करडांचं विचारलं की म्हणायचे, आधी हुकूम पक्के होऊ द्या. अहो, राखणीचा कुत्रा रात्री एकटा असतो! मध्यरात्री करडू उड्या मारायला लागलं तर ‘थांब’ म्हणायला तिथे कोण असणार? या कुत्र्याला स्वतःहून शांत राहता आलं पाहिजे, त्याचं अर्धं काम तेच आहे. प्रशिक्षक बोलावणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, की तुम्ही कुत्र्याला जनावरांत उभं राहून शिकवणार का.

मग ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्या मामांना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, मारू नका अन् बांधूनबी ठेवू नका. दोन पावसाळे जाऊ द्या, मग बघा.” एवढं ऐकून जीव भांड्यात पडला. हा कुत्रा बिघडलेला नव्हता, वयात येत होता. राखणीच्या कुत्र्याला पुरती समज यायला दीड ते दोन वर्षं लागतात, आणि सहाव्या महिन्यापासून पुढे हा धिंगाणा बहुतेक कुत्रे घालतात. हे आधी कळतं तर कितीतरी चांगले कुत्रे साखळीला सडले नसते.

त्यांनीच सांगितलं म्हणून करडं वेगळी काढली आणि भैरूला मोठ्या शेळ्यांत सोडलं. आमची एक म्हातारी शेळी भलती खाष्ट आहे. अंगाशी आला की ती शिंगावर घ्यायची. तिनं जे शिकवलं ते कुठल्याच माणसाला जमलं नसतं. गळ्यात हलकं लोढणं अडकवलं, म्हणजे चालता येई पण सुसाट धावता येत नसे. करडांत मात्र दोरी हातात धरूनच न्यायचे, तेही संध्याकाळी, तो दमलेला असताना. नजर रोखली, पुढचे पाय वाकवले, की धावायच्या आधीच आवाज देऊन बाजूला घ्यायचं. एकदा धावला की उशीर झाला, कारण पळणाऱ्या करडाची मजाच त्याचं बक्षीस होते. नजर फिरवून आडवा झाला की पाठीवर हात फिरवायचा. मारलं तर तो तुमच्यासमोर गप्प बसेल आणि पाठ फिरली की पुन्हा तेच करेल. पोरांना त्याच्याशी पळापळीचा खेळ खेळू देऊ नका, चेंडू तर नकोच.

खाणं शेळ्यांपासून लांब द्या. भाकरीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा करडं त्याच्या अंगावर चढून उड्या मारत होती आणि तो जांभया देत होता. मला त्याचा फार अभिमान वाटतो, आणि त्याला विकू दिला नाही याचा जास्त.

शेळी वितानाची गोष्ट राहिली. पहिल्या वेळी त्याला जाळीपलीकडेच ठेवा. त्याला वारेचा वास ओढतो, शेळी बिथरते, आणि त्या गोंधळात नवं करडू तुडवलं जातं. वार लगेच पुरून टाका. कत्तलीचं कच्चं काळीज, फुफ्फुस त्याला कधीच घालू नका. त्यातून फीतकृमी, म्हणजे पट्टीसारखे जंत, कुत्र्यात येतात आणि कुत्र्याकडून शेळ्यांना, माणसांना पाण्याच्या गाठी होतात. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी.

आणि बिबट्याशी झुंजायला कुत्रा ठेवू नका. बिबट्या कुत्र्यालाच उचलतो. आमचा गोठा वरून, बाजूंनी जाळीबंद आहे आणि रात्री भैरूही आतच असतो, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून. तो भुंकून उठवतो, पुढचं बॅटरी घेऊन आम्ही बघतो.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा त्याच्या आईला कळपात काम करताना बघून या.